पासबुकातली अनु

बँकेच्या मशीनने पासबुक गिळलं, करकरलं,
आणि परत दिलं तेव्हा एक ओळ नवी होती:
अनु. जमा. बारा हजार.
पुढची अक्षरं रकान्यात मावली नव्हती.

प्रणोतीने खांद्यावरून वाचलं.
"अनु कोण गं? मावशी?"
तिला दर पंधरवड्याला वाशिमहून डबा येतो,
चिठ्ठीसकट. तिला वाटतं सगळ्यांनाच कुणीतरी पाठवतं.
मी म्हटलं, हो. मावशी.
"कुठे असते?"
ठाण्याला. सरकारी ऑफिसात.
तसं हे खोटं नव्हतं.

अनुरक्षण असा पूर्ण शब्द आहे.
संस्थेचं दार मागे लागलं की त्यानंतरचं रक्षण.
अर्ज मंजूर झाला तर, निधी आला तर,
एकविसावं लागेपर्यंत.

माझं अठरावं एक्स-रेने ठरवलं होतं.
मनगटाचं हाड बघून डॉक्टर म्हणाले, असेल सहा.
दिवस शाळेने दिला, एक जून.
म्हणून गेल्या एक जूनला आम्ही चौघी एकदम मोठ्या झालो,
एका केकवर,
आणि चार पत्र्याच्या पेट्या दारात काढून ठेवलेल्या.
हाड जरा कोवळं दिसलं असतं
तर अजून एक वर्ष वरणभात होता.

नावही तिथलंच.
उवांमुळे भादरून आणलं होतं मला,
तर अधीक्षक बाईंनी रजिस्टरात लिहिलं
सुकेशिनी.
विनोद होता की आशीर्वाद, त्या निवृत्त झाल्या, विचारायचं राहिलं.

कोपरखैरणे गावठाणात बामीबायच्या माडीवर
आता मी, प्रणोती आणि एक नर्स.
करारात जामीनदाराची जागा कोरी होती.
"गो पोरी, तुजा बापूस नाय, तं सही कोन करनार?"
मग तिनेच चष्मा शोधला,
आणि तिथे स्वतःची वाकडी सही ठोकली.
आपल्याच भाडेकरूला आपणच जामीन.
एजंट बघत राहिला.
भाडं मात्र एक रुपया कमी केलं नाही.

मार्चला अनु आली नाही. एप्रिललाही.
मी ठाण्याला जाऊन आले.
टेबलामागचे खानविलकर चांगले होते, पाणी विचारलं,
म्हणाले, "वरून आलं नाही अजून."
वर म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.
आई कुठे आहे विचारलं की
बाईही वरच बोट करायच्या.

मग महाप्याच्या गोदामात रात्रपाळी.
कुणाकुणाच्या पार्सलांवर चिकटपट्टी,
कुणाकुणाचे पत्ते: वडिलांचं नाव, घर, मजला, जवळची खूण.
सकाळी लॅबच्या वर्गात सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकवला
आणि तसाच मिटला.
काचेवर कुणाचं तरी रक्त होतं, जांभळं रंगवलेलं.
सरांनी उठवलं नाही. त्यांना वाटलं, बारकाईने बघतेय.

आणि आता हे. तीन महिन्यांचं एकदम.
दोन भाडी. परीक्षेची फी. खानावळीचं राहिलेलं.
प्रणोतीचे सातशे (ती नको म्हणाली, मग घेतले).
उरले चारशे दहा.
त्यातून सेक्टरातल्या हार्डवेअरवाल्याकडे
एक कुलूप घेतलं, पितळी, पेटीला.
संस्थेत कुणाच्याच पेटीला कुलूप नसायचं;
दर शनिवारी तपासणी, माझा कंगवाही सगळ्यांचा.

कुलपासोबत दोन किल्ल्या निघाल्या.
एक गळ्यात घातली.
दुसरी हातात धरून मी दुकानातच उभी राहिले
इतका वेळ, की तो म्हणाला,
"घरी देऊन ठेवायची ती. हरवली तर."

शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या,
अनु म्हणजे मागून. अनुज, मागून जन्मलेला.
तेव्हा उशिरा येणं तिच्या नावातच आहे,
तिच्यावर रागावून उपयोग नाही.
प्रणोती म्हणते, बोलव की मावशीला एकदा जेवायला.
मी म्हणते, बघू.
अजून दोन एक जून आहेत तिच्याकडे.

दुसरी किल्ली सध्या पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये आहे.
मशीनमध्ये घालताना काढावी लागते.